मंदा कोणाशी बोलली

मोरपंखी साडीला मोरपंखी फॉल मिळतोच असं नाही. दुकानदार गडद हिरवा काढून देतो आणि म्हणतो, अंदर कौन देखता है.

*

पोह्याच्या पापडांचं पीठ कुटावं लागतं. कुटणाऱ्या बाईला बोलायला श्वास उरत नाही.

*

दशरथला बायकोच्या ऑफिसातल्या माणसांची नावं कधी लक्षात राहत नसत. रुचिताचं राहिलं.

*

तुरुंगाच्या फाटकात शिरणाऱ्या प्रत्येकाची झडती होते. साहेबाचीसुद्धा. साहेबाच्या खांद्याला नुसती बोटं लावतात.

*

पूनम सागरमध्ये आज पाणी नाही. उद्या आहे.

*

एक म्हातारी डबा घेऊन लेकीच्या मुलाकातीला आली. तिचं नाव पुकारलं गेलं नाही. ऊन उतरल्यावर ती डबा घेऊन परत गेली. डब्यात काय होतं, हे चौकशीत कोणी विचारलं नाही.

*

जळणं म्हणजे काय, हे शैला आयरेला पंचेचाळिशी उलटल्यावर कळलं. तोवर तिला वाटायचं, तो आपला प्रांतच नव्हे. शाळेत तिच्यापुढे नंबर काढणाऱ्या मुली होत्या, परळच्या चाळीत तिच्याहून देखण्या बहिणी होत्या, खात्यात तिच्यामागून येऊन तिच्यापुढे गेलेले पुरुष तर ढिगाने होते. कोणाचंही तिने कधी मनाला लावून घेतलं नाही. परळची खोली विकून दशरथने मीरा रोडला पूनम सागरमध्ये फ्लॅट घेतला, तेव्हा नणंदा म्हणाल्या होत्या, गेलीस बाई तू खाडीपलीकडे. तेव्हाही ती हसली होती.

तिचं काम असं होतं. कारागृह खात्यातल्याच माणसांनी काही गैर केलं, म्हणजे शिपायाने बंद्याला मारलं, हवालदाराने आत तंबाखू पोचवली, तुरुंगाधिकाऱ्याने कैद्यांकडून घरची कामं करून घेतली, की तक्रार तिच्या टेबलावर यायची. प्रत्यक्ष चौकशी दुसरा अधिकारी करायचा. शैला तो अधिकारी निवडायची, त्याला वाट दाखवायची, चुकला तर कागद त्याच्या तोंडावर परत पाठवायची आणि शेवटी आपल्या सहीने अहवाल वर धाडायची. तुरुंगाच्या आवारात तिची जीप शिरली की ओट्यावरच्या गप्पा बंद पडत. मागून तिला ‘कात्री’ म्हणत. ते तिच्या कानावर आलं होतं आणि तिला आवडलंही होतं.

मग रुचिता घरत आली.

सत्तावीस वर्षांची. परीक्षा देऊन थेट उपअधीक्षक झालेली. ज्या खुर्चीपर्यंत पोचायला शैलाची निम्मी नोकरी खर्ची पडली, त्या खुर्चीत ही पोरगी पहिल्या दिवशी बसली, आणि बसल्यावर म्हणाली, “मॅडम, खुर्ची जरा उंच आहे ना?” सगळं ऑफिस हसलं. शैलाही हसली. तिथपर्यंत सगळं ठीक होतं.

*

“मॅडम, मंदा बोलली.”

रुचिता दारातूनच म्हणाली. हातात हेल्मेट तसंच.

“कोण मंदा?”

“वेळगावची हो. पडवळच्या केसमधली.”

वेळगावच्या तुरुंगातला ईश्वर पडवळ. वरिष्ठ तुरुंगाधिकारी. लेकीच्या लग्नाचे पापड त्याने महिला बराकीतल्या बायकांकडून करून घेतले, आणि लग्न झाल्यावरही थांबला नाही; बायकोने पापडांचा घरगुती धंदाच काढला. जी बाई नाही म्हणेल तिची मुलाकात बंद. म्हणजे बाहेर तिचं माणूस येऊन बसायचं आणि आत नाव पुकारलं जायचं नाही. मंदा नाही म्हणाली होती. तिची आई दोनदा येऊन परत गेली, आणि तिसऱ्यांदा यायला राहिली नाही.

हे सगळं खात्याला आत्ता, एका नव्या महिला शिपायाने तक्रार केल्यावर कळत होतं, आणि चौकशी शैलाने रुचिताकडे दिली होती. त्याआधी दोन वर्षांपूर्वी एक निनावी तक्रार आली होती. तेव्हा शैला स्वतः वेळगावला गेली होती. बराकीतल्या एकेका बाईला अधीक्षकांच्या खोलीत बोलावून, दार लावून तिने विचारलं होतं. मंदा म्हणाली होती, काही नाही मॅडम, बरं आहे सगळं. शैलाने अहवालात लिहिलं होतं, तथ्य आढळले नाही.

“ती जामिनावर सुटलीये ना,” रुचिता सांगत होती. “केबिन रोडला मॅचिंगच्या दुकानाबाहेर बसून फॉल लावते. आईच्या साड्या तिच्याकडेच जातात. मी आपली साडी घेऊन गेले, सहज.”

“सहज?”

“म्हणजे... सहज नाही. पण विचारलं काहीच नाही. ती फॉल लावत होती, मी नुसता पदर धरला होता. आणि एकदम बोलायलाच लागली, मॅडम. थांबेचना. रडली पण. समोर येऊन सांगायला तयार आहे.”

“साक्षीदाराला असं रस्त्यावर गाठायचं नसतं, रुचिता.”

“सॉरी मॅडम. जबाब ऑफिसात बोलावूनच घेणार आहे.”

“आणि हेल्मेट बाहेर ठेवून येत जा.”

रुचिताने जबाब घेतला. तो शैलाच्या टेबलावर आला. वाचताना तिला ईश्वर पडवळचा राग यायला हवा होता. आलाही. पण दुसऱ्या नंबरावर.

*

प्र. : ती तुमच्याशी का बोलली नाही?

उ. : भीती असेल.

प्र. : मग हिच्याशी कशी बोलली?

उ. : तेव्हा ती आत होती. आता बाहेर आहे.

प्र. : एवढंच कारण?

उ. : पुढचा प्रश्न विचारा.

*

“हुशार आहे हां पोरगी,” दशरथ म्हणाला. रुचिता एकदा कागद द्यायला घरी आली होती, येताना सुके बोंबील घेऊन. त्या बोंबलांवर दशरथने तिला कायमची पास करून टाकली होती.

“कोण?”

“तुझी ती घरत. माणसाला बोलतं करायचं म्हणजे कला आहे.”

“मला येत नाही, असं म्हणायचंय का तुला?”

“आता हेच बघ.” त्याने पेपर खाली ठेवला. “तू विचारायला लागलीस की मला वाटतं वकील करावा. परवा मेथी आणली तर कुठून आणली, कधी आणली, आणताना बरोबर कोण होतं! मेथी आहे गं ती. फरार आरोपी नाही.”

एरवी शैलाला हसू आलं असतं. तिने मेथीची जुडी उचलली आणि निवडायला घेतली, इतक्या जोरात, की पानांबरोबर काड्याही टोपल्यात पडल्या.

*

रविवारी ती केबिन रोडला गेली. साडी घेऊन.

रविवारचा केबिन रोड म्हणजे माणसांनी खचाखच. मॅचिंगच्या दुकानात तिने मोरपंखी साडी काउंटरवर टाकली, दुकानदाराने गडद हिरवा फॉल काढला, ‘भाभी, अंदर कौन देखता है’ म्हणाला, आणि बोटाने बाहेरची पायरी दाखवली. पायरीवर मंदा बसली होती. मांडीवर कोणाची तरी साडी, ओठात सुई.

“पिको पण करायचा का, ताई?” मंदाने मान वर न करता विचारलं.

“कर. मी थांबते.”

मंदाने मान वर केली. ओळखायला तिला क्षणभरही लागला नाही. सुई ओठातून काढून तिने ब्लाउजला टोचली.

“आयरे मॅडम ना? साडीत वेगळ्या दिसता.”

“इथेच राहते मी. पूनम सागरला. म्हटलं जवळच आहे.” शैला तिच्याशेजारी टेकली. काय करावं सुचेना, म्हणून तिने साडीचं टोक धरायला हात पुढे केला.

“राहू द्या मॅडम. ताण येतो कापडाला.”

शैलाने हात मागे घेतला. हिनेच त्या पोरीला पदर धरू दिला होता. तेव्हा नाही ताण आला कापडाला.

“मंदा, एक विचारू?”

“परत?” मंदा हसली. पण हसण्यात खोच नव्हती.

“तेव्हा मी विचारलं होतं तुला. दार लावलं होतं. तू आणि मी, तिसरं कोणी नव्हतं. तरी तू म्हणालीस, बरं आहे सगळं.”

“हां. बोलले असं.”

“का?”

मंदाने दोरा दाताने तोडला. “जाऊ द्या ना मॅडम. तुम्ही काय वाईट नाही. मी घरत ताईंना पण तेच सांगितलं, की त्या मॅडम वाईट नव्हत्या.”

ती पोरगी ताई झाली होती. शैला मॅडमच होती.

“मला सांग, मंदा. रागावणार नाही मी.”

“तुम्ही त्या दिवशी जेवलात ना तिथे. पडवळ साहेबांच्या घरून डबा आला होता. माझा नंबर यायचा होता, मी बाहेर भिंतीला बसले होते. दार तेव्हा उघडं होतं.” मंदाने सुईत नवा दोरा ओवला. एका झटक्यात. “पापड होते ताटात.”

शैलाला ते ताट आठवत नव्हतं. तुरुंगाच्या तपासणीला गेलं की जेवण तिथेच होतं. कोणाच्या घरचं, हे कोणी विचारत नाही. तीही कधी विचारत नसे.

“एक खाल्लात, मग अजून एक मागून घेतलात. म्हणालात, छान आहेत हो, हलके आहेत अगदी. साहेब म्हणाले, घरचे आहेत.” मंदा फॉल सरळ करत होती. “त्याच्यापुढे मी काय बोलणार? खाऊन झाले होते ना तुमचे.”

रस्त्यावरून रिक्षा पोंपों करत गेली. कोणीतरी ओरडलं, अरे साइड दे ना.

“मला काय, मॅडम,” मंदा जरा वेळाने म्हणाली, जणू शैलाचीच समजूत घालत होती. “जावेच्या केसमध्ये सासरचे सगळे आत गेलो, मी पण. निकाल लागायचाय अजून. विरुद्ध लागला तर परत वेळगावच. जाईन की. काय मरत नाही माणूस. फक्त तो तिथे नको. ताई म्हणाल्यात, नसेल तो.”

“ताई म्हणाल्या.”

“हां. शब्द दिला त्यांनी.”

*

(ती साडी शैलाने कपाटात अगदी खाली ठेवली. दशरथने एकदा विचारलं, ही नेसत का नाहीस. ती म्हणाली, फॉल चुकलाय.)

*

पडवळची सुनावणी झाली आणि त्याच आठवड्यात रुचिताच्या आईने शैलाला जेवायला बोलावलं. नाही म्हणायला कारण मिळेना.

गोडदेवमध्ये आता घराला घर चिकटलंय. दोन बिल्डिंगच्या मधून, वाळत घातलेल्या चादरी बाजूला सारत जायचं, की मध्येच एक बैठं, कौलारू घर लागतं. घरतांचं. दारात तुळस, तुळशीला टेकून रुचिताची स्कूटर.

“ये बाय, ये. आत ये.” आईने हात धरूनच आत नेलं. “ही पोरगी उठता-बसता मॅडम मॅडम करते. घरात दुसरा इषय न्हाय. म्हटलं, बघू तरी कशा हाय त्या.”

“आई!”

“काय आई? खोटं हाय का? म्हणते, मला मॅडमसारखं व्हायचं हाय. म्हटलं हो बाय, पण जरा हसत जा मग अधनंमधनं.”

ताटात तांदळाची भाकरी, बोंबलाचं कालवण, तळलेली मांदेली. शैला भाकरी मोडत होती आणि रुचिता समोर मांडी घालून सुनावणीची हकिकत सांगत होती. डोळे नुसते चमकत होते तिचे.

“पडवळ एकटाच आला, मॅडम. कडक इस्त्री, कपाळाला गंध. मी आरोप वाचून दाखवले. विचारलं, मान्य आहेत का. म्हणाला, नाहीत. आणि लगेच मी मंदाला आत घेतलं.”

“लगेच?”

“लगेच. बाहेर ती नुसती थरथरत होती. म्हटलं अजून थोडा वेळ बसवली तर उठून जाईल. पण आत आली ना मॅडम, आणि त्याच्याकडे बघून, अगदी सरळ बघून...”

पुढचं शैलाच्या कानात शिरलं नाही.

आरोप वाचून दाखवणं आणि पहिला साक्षीदार आत घेणं, या दोन्हींच्या मध्ये एक प्रश्न असतो. खात्यात जुनी झालेली माणसं तो झोपेतही विचारतील. तुम्हांला बचाव सहायक हवा आहे का? म्हणजे, तुमची बाजू मांडायला सोबतीला खात्यातला एखादा माणूस हवा का? तो हो म्हणो की नाही म्हणो, विचारायचं, आणि त्याचं उत्तर लिहून घ्यायचं. न विचारता पुढे गेलात, तर आरोपी न्यायाधिकरणात जातो, मला एकटं पाडलं म्हणतो, आणि साक्षी, उलटतपासणी, शिक्षा सगळं एका फटक्यात रद्द होतं. अशा कोसळलेल्या चौकशा शैलाने पाहिल्या होत्या.

रुचिताला तो प्रश्न माहीत नव्हता असं नाही. तिच्या डोक्यात त्या घडीला दाराबाहेर थरथरणारी बाई होती, एवढंच.

“त्याने उलटतपासणीत काय विचारलं?” शैलाने विचारलं.

“काहीच नाही! दोन फुसके प्रश्न विचारले आणि गप्प बसला. मला वाटतं हादरला, मॅडम.”

हादरला नव्हता. ईश्वर पडवळने खात्यात केस पांढरे केले होते. त्याला तो प्रश्न न आल्याचं जागच्या जागी कळलं असणार, आणि म्हणूनच तो हात बांधून शांत बसला असणार. आता ही गोष्ट त्याला ठाऊक होती आणि शैलाला. तिसऱ्या कोणाला नाही.

सांगायला एवढंसं वाक्य होतं. अगं, बचाव सहायकाचं विचारलंस का? रुचिताने कपाळावर हात मारून घेतला असता, पडवळला पुन्हा बोलावलं असतं, मंदाची साक्ष पुन्हा घेतली असती, संपलं असतं.

“काटा लागला का गं बाय?” रुचिताच्या आईने विचारलं. “गप झालीस ती.”

“नाही,” शैला म्हणाली. “कालवण छान झालंय.”

“घे ना मग अजून.”

तिने घेतलं.

*

अहवाल परत. बचाव सहायकाबाबत विचारणा झालेली नाही.

अहवाल परत. साक्षीदार क्र. १ हिची साक्ष पुन्हा नोंदवावी.

अहवाल परत. चौकशी अधिकारी नवीन आहेत. त्यांना

अहवाल योग्य. सहमत.

*

यातला शेवटचा शेरा तिने कागदावर लिहिला. आधीचे नुसते मनात.

प्र. : का?

उ. : मंदाला पुन्हा त्याच्यासमोर बसावं लागलं असतं. एकदा बसली तेच खूप झालं. मला तिची दया आली.

प्र. : हे उत्तर शपथेवर आहे का?

उ. : शपथ कोणी दिलेली नाही.

प्र. : पंखा लावू का? घाम आलाय तुम्हांला.

*

पडवळ बडतर्फ झाला. ऑफिसात पेढे आले. मोठ्या साहेबांनी रुचिताला बोलावून सगळ्यांसमोर शाबासकी दिली, आणि मग शैलाकडे वळून म्हणाले, “आयरे मॅडम, शेवटी मार्गदर्शन तुमचंच.”

“नाही सर,” शैला म्हणाली. “यात माझा काही हात नाही. सगळं तिने एकटीने केलं.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. केवढं मोठं मन, असं कोणीतरी म्हणालं. रुचिता पुढे आली आणि सगळ्यांदेखत तिच्या पाया पडली. शैलाच्या हातातला पेढा तिच्या केसांवर चुरडला.

त्या दिवसापासून ती वाट बघू लागली. कसली, ते तिने स्वतःलाही सांगितलं नाही. सकाळी टपाल आलं की ती खालपासून वरपर्यंत चाळायची. रुचिता डबा खाता खाता सगळ्यांना हसवत असली, की शैला केबिनच्या काचेतून बघत बसायची आणि मनात म्हणायची, हस. हसून घे. मग स्वतःचीच शरम वाटून कोणाला तरी हाक मारायची, काहीतरी काम सांगायची. एकदा तिने रुचितालाच हाक मारली, आणि ती आली तेव्हा काय सांगावं ते सुचलं नाही. “काही नाही. जा,” म्हणाली.

न्यायाधिकरणाचा निकाल आला तेव्हा तो तिने दोनदा वाचला. बचाव सहायकाबाबत विचारणा नाही, सबब चौकशी व शिक्षा रद्द, नव्याने चौकशी करण्याची मुभा, तोवर अपचारी पडवळ यांस मूळ जागी रुजू करून घ्यावे.

मूळ जागी. वेळगाव.

*

रुचिता संध्याकाळी पूनम सागरला आली. पाण्याचा दिवस होता. शैला बाथरूममधलं पिंप भरत होती. बेल वाजली, तिने ओल्या हाताने दार उघडलं. रुचिताचे डोळे सुजले होते.

“माझ्यामुळे तुमची सही खराब झाली, मॅडम.”

“बस आधी.”

“मला तो प्रश्न पाठ होता हो. परीक्षेला पाठ केला होता. कसा राहिला?”

“होतं असं.” मागे पिंपात पाण्याचा आवाज चालू होता. “माझ्याही लक्षात यायला हवं होतं.”

“तुम्ही माझ्यावर विश्वास टाकलात. म्हणून तुम्ही खोलात शिरला नाहीत. मला कळतं ना ते.” रुचिताने ओढणीने नाक पुसलं. “नव्या चौकशीला मंदा येणार नाही म्हणते. एकदा जीव मुठीत धरून आले, दुसऱ्यांदा नाही. पण चिडली नाही हो माझ्यावर. उलट मीच रडायला लागले तर मला जवळ घेतलं तिने. म्हणते, ताई, तुम्ही कशाला रडता, तुम्ही ऐकलं तरी होतं माझं.”

शैलाने इतके दिवस ज्याची वाट पाहिली होती ते घडलं होतं. पोरगी पडली होती, तोंडावर. आणि पडल्यावरही त्या बाईने उचलून तिलाच जवळ घेतलं होतं. शैलाचं जळणं विझलं नाही. उलट वाढलं.

आत पिंप भरून वाहायला लागलं. दशरथ ओरडला, “अगं, पाणी!”

*

मंदाच्या खटल्याचा निकाल विरुद्ध लागला. ती वेळगावला गेली. रुचिताची बदली झाली होती, लांब, विदर्भात. नवी चौकशी कोणाकडे द्यायची ते शैलाने अजून ठरवलं नव्हतं. ठरवायचं तिच्याच हातात होतं.

मग एका सोमवारी तिची वेळगावला वार्षिक तपासणी होती. फाटकात ईश्वर पडवळ स्वतः हजर. कडक इस्त्री. त्याच्या खुणेवर महिला शिपायाने तिच्या खांद्याला नुसती बोटं लावून झडती घेतली.

“या मॅडम. तुमच्या नजरेतून काही सुटत नाही म्हणतात. खरं आहे ते.” पडवळचा आवाज अगदी अदबीचा. “मला तेव्हाच वाटलं होतं, मॅडमना दिसणार.”

त्याला उत्तर नकोच होतं. सगळी तपासणी होईपर्यंत तो तिच्या मागे एक पाऊल अंतर ठेवून चालत राहिला. महिला बराकीच्या दारापर्यंत ती गेली आणि आत न जाता वळली.

निघताना तो पुन्हा पुढे झाला.

“एक विचारायचं होतं. घरत मॅडम रजा काढून आल्यात. साध्या कपड्यात, मुलाकातीच्या रांगेत बसल्यात सकाळपासून, मंदासाठी. आता खात्यातल्या माणसाने बंद्याची खाजगी भेट घ्यायची तर वरच्याची परवानगी पाहिजे. तोंडी असली तरी चालेल.” त्याने टोपी सरळ केली. “तुम्ही वरच्याच आहात.”

हो म्हणायला काय लागणार होतं? मंदाला कळलं असतं की बाहेर तिचं कोणीतरी आहे. पडवळलाही कळलं असतं, आणि तो जरा जपून राहिला असता. शैलाला हे सगळं दिसत होतं. तिच्या नजरेतून खरंच काही सुटत नव्हतं.

“मंदाला माहितीये, त्या आल्यात ते?” तिने विचारलं.

“नाही अजून. पण रोज विचारते हो. ताई आल्या का, ताईंचं काही आलं का. दुसरं नाव नाही तोंडात.”

शैलाने पर्स खांद्यावर नीट केली.

“नियम काय आहे?”

“सांगितला तो.”

“मग मला काय विचारता?”

पडवळने सलाम ठोकला.

जीप फाटकाबाहेर वळली. निंबाच्या सावलीत बायका, म्हातारी माणसं, पोरं बसली होती. त्यांच्यातून रुचिता उठून धावत आली. जीपच्या खिडकीला दोन्ही हात धरून, धापा टाकत म्हणाली, “मॅडम! बरं झालं बाई तुम्ही आहात. आता सोडतील. सकाळपासून नावच पुकारत नाहीयेत.”

“बघते मी,” शैला म्हणाली.

“थँक्यू मॅडम. मी इथेच आहे. कितीही वेळ लागू दे.”

ड्रायव्हरने मागे बघितलं. शैलाने मान हलवली, तशी जीप निघाली. रुचिताने हात हलवला आणि परत जाऊन सावलीत, आपल्या जागेवर बसली.

*

पडवळच्या सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी रुचिताने पूनम सागरच्या घरी फोन केला होता, मॅडम, पहिलीच चौकशी आहे, उद्या क्रमाने काय काय विचारायचं ते एकदा सांगाल का, असं विचारायला. फोन दशरथने घेतला, आणि मी घरी नाही असं सांग, अशी खूण शैलाने समोरच बसून त्याला केली.